तुळसा, दुसरी बाजू अजून अर्धीच आहे

तुळसा,

तबकडी अजून तशीच आहे. कुणाला हात लावू दिला नाही. वैशालीनं परवा तिच्यावर तुझा निळा टॉवेल टाकला, धूळ बसते म्हणाली, तेवढंच. सुईचा दांडा मी उचलून बाजूला ठेवला होता, तो तिथंच आहे. दुसरी बाजू, तिसरं गाणं, अर्धं.

पाच वाजलेत आणि बाहेर मिट्ट अंधार. या मुलखाला दुपार झेपतच नाही. वारा सुटलाय. परसातल्या शेडचं दार आपटतंय आणि प्रत्येक आपटीला मी उठून खिडकीशी जातोय, कारण तू तिथं आहेस. अस्थी घरात आणायच्या नसतात, झाडाला टांगायच्या. पण ल्यूकनच्या या परसातलं झाड माझ्या कमरेएवढं. मग इथल्या स्मशानवाल्यांनी दिलेला तो प्लास्टिकचा डबा तुझ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि शेडच्या आढ्याला टांगला, खाली गवत कापायचं मशीन. बार्शीची तुळसा, आयर्लंडात गवताच्या मशीनवर. तू असतीस तर हसून हसून ठसका लागला असता तुला.

आज हसायला घरात कुणी नाही. सकाळी वैशालीचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं चांदण्या दिसतात म्हणाली. बीपी फार चढलं होतं. निखिल तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन आला, "अण्णा, ठेवून घेतलंय तिला. आज-उद्यात बाळ काढतील. तुम्ही घरीच थांबा, मी कळवतो." मी विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "डॉक्टर बघतायत, अण्णा." जावई थांबला तिथंच मला कळायचं ते कळलं. तेव्हापासून फोन माझ्यासमोर टेबलावर उताणा पडलाय.

म्हणून तुझ्याशी बोलायचंय. सरळ बोलतो, मला फिरवून बोलता येत नाही, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं लिहिलेलं आहे हे, तेव्हा चुका काढू नकोस.

नोटा बंद झाल्या त्याच महिन्यात आपण इकडं आलो. तुझ्या बॅगेत डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशेपा. इतक्या वर्षांनी पोरीला दिवस गेले, तू विमानतळापासूनच तिचं बाळंतपण करायला निघाली होतीस. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तू भांडी घासताना गायला लागलीस. इथली घरं भिंतीला भिंत लावून. पलीकडं ते एकटेच राहणारे म्हातारे, डेक्लन. तुझ्या तोंडी त्यांचे लगेच देकूदादा झाले. ते दारात आले तेव्हा मला वाटलं तक्रार करायला आलेत. वैशाली बोलली त्यांच्याशी, आणि वळून म्हणाली, "आई, ते विचारतायत, भिंतीपलीकडून गात होतं ते कोण."

आणि मग ते हे सगळं घेऊन आले. प्लेयर, दोन खोकी, आणि ही एकच तबकडी. तरुणपणी इंग्लंडात रस्ते खणायला गेले होते तेव्हा घेतलेली. पुठ्ठ्यावर पाच काळी माणसं, एकाच ताग्यातनं शिवलेले कोट, लग्नाच्या बँडवाल्यांसारखे, आणि पाचांचेही हात एकाच बाजूला लांब केलेले. "कुणाला बोलावतेत वो हे?" तू पहिल्याच दिवशी विचारलंस. मी म्हणालो, "फोटोवाल्याला." वैशाली म्हणाली, "आई, याला सोल म्युझिक म्हणतात. अमेरिकेतलं. एकदम क्लासिक अल्बम आहे हा, सगळी प्रेमाची गाणी आहेत."

तू ऐकलंस आणि ताठ बसलीस. मला आठवतं. हातातली लसूण तशीच. म्हणालीस, "अगं बाई. ही तर झील हाय."

तुझा बाप गोंधळी. मी तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या घरात भांडी कमी आणि संबळ जास्त. गोंधळात पुढचा ओळ टाकतो आणि मागचे ती उचलून लांब ओढत नेतात, तिला झील म्हणतात, हे मला तूच सांगितलंस. पुढच्याला दम घ्यायचा असतो तेव्हा मागच्यांनी गाणं जमिनीवर पडू द्यायचं नसतं. बायकांनी गोंधळात उभं राहायचं नाही, म्हणून तू आत चुलीपाशी बसून झील धरायचीस, आणि तुझा बाप बाहेरून ओरडायचा, "आतली झील वर जातीया, खाली घ्या!" आणि इथं सातासमुद्रापल्याड कोटातली पाच माणसं तेच करत होती. एक पुढं जीव तोडून गातोय, चौघं मागं त्याला धरून.

तू त्यांना नावं ठेवलीस. खालच्या आवाजाचा तो तात्या, रिकाम्या डांबराच्या पिंपात बोलल्यासारखा. पातळ आवाजाचा मुकिंदा. पुढचा नवरदेव. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं तुला. पण आठवड्याभरात तू मुकिंदा आणि तात्याच्या मधली जागा पकडून बसलीस, आणि तिथनं झील द्यायला लागलीस. जावई मोबाईलवर शूटिंग करायला लागला तर त्याला लाटणं दाखवलंस.

पहिली बाजू मला चालायची. ठेका आहे, पाय हलतो. दुसऱ्या बाजूचं मात्र माझं-तुझं भांडण होतं आणि ते मिटलं नाही. ती बाजू लागली की घरातली हवा बदलायची. नवरदेवाचा आवाज फाटायला लागतो, मागचे हळूहळू पुढं सरकल्यासारखे वाटतात, आणि गाण्याआधीची ती तबकडीची सूं… माझ्या पंक्चरच्या दुकानात बारीक खिळा लागलेली ट्यूब कानाशी धरली की यायची ना, तशी. हवा कुठनंतरी जातेय आणि दिसत नाही. मी म्हणायचो, "बंद कर ते रडगाणं. पोटुशी पोरगी घरात आहे." आणि चहा झाला की जाऊन सुई उचलायचो.

तू किती चिडायचीस. "मधनं उचलू नका! कितीदा सांगू, बोलावणं अर्धं सोडायचं नसतं."

"कुणाला बोलावलंय?"

"मला काय ठावं. पण एवढ्या जीवानं बोलावल्यावर कुणीतरी येतंच."

"मग येऊ दे की. चहा पाजू."

"चेष्टा करू नका. गोंधळाला नाव घेऊन घेऊन देव बोलावतेत, आन पहाटं आरती करून ज्याला त्याला त्याच्या जागंला धाडतेत. तवा कुठं गोंधळी उठतो."

"देवांना काय परतीचं तिकीट काढून द्यावं लागतं?"

"पावणा निघाला की दारापोतर सोडायला जाता का न्हाई?"

"जातो."

"मग? बोलावलं आपण, सोडायचंबी आपणच. न्हाईतर तो उंबऱ्यात घुटमळत ऱ्हातो. ना आत ना भायेर."

शेवटचं गाणं त्यांची आरती आहे, असं तू ठरवून टाकलं होतंस. त्यात म्हणे नवरदेव मध्येच गप्प होतो आणि मागचे चौघंच लांब ओढत राहतात, हळू हळू लांब जात. मी काही ते धड ऐकलं नाही. तू एकटीच ऐकायचीस, पदर खोचून, उभी राहून. आणि म्हणायचीस, "निदान एक 'जी' तरी म्हणा वो माझ्या मागं. दोन माणसं असली की झील भरते." मी म्हणायचो माझा आवाज टायर घासल्यासारखा आहे, देव येत असला तर परत जाईल. तू म्हणायचीस, "तेवढ्यासाठीच म्हणा."

आता त्या दिवसाचं.

वैशाली आणि निखिल बाळाचा पाळणा आणायला गेले होते. मी पुढच्या दारापाशी त्या जुन्या बाबागाडीचं चाक काढून बसलो होतो. हवेचं चाक इथं आता कुणाला जमत नाही, मला जमतं. तू आत टेबलाशी डिंकाचे लाडू वळत होतीस. तळलेल्या डिंकाचा वास सगळ्या घरभर. तबकडीची दुसरी बाजू लावलेली आणि तुझी झील चालू. मी ट्यूबला ठिगळ चिकटवून अंगठ्यानं दाबून धरलं होतं.

आणि मागची झील कमी झाली.

मला आधी वाटलं तबकडीतलाच कुणी थांबला. मुकिंदा होता, तात्या होता. मधली जागा रिकामी. पहिल्यांदा मला कळलं की मी इतके दिवस तबकडी ऐकत नव्हतो, तुला ऐकत होतो. हाक मारली. तू काही बोलली नाहीस, आणि तू काही न बोलणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे.

तू बसलेली होतीस. मूठ मिटलेली, मुठीत लाडू. डोळे भिंतीकडं. मी हलवलं. ते लोक नरडं फाडून गात होते आणि मला तुझा श्वास ऐकू येईना. म्हणून मी सुई उचलली. ऐक, मी उचललीच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उचलीन. ट्यूबला लावतो तसा तुझ्या तोंडाला कान लावला. पंक्चर असलं तर सूं तरी येते, तुळसा. काहीच नव्हतं.

भिंतीवर मुठी हाणल्या. देकूदादा पायमोज्यातच पळत आले. त्यांनीच फोन केला, त्यांनीच खाली बसून तुझी छाती दाबली, गाडी येईपर्यंत दाबत राहिले, म्हाताऱ्याचं तोंड लालबुंद झालं. मला एक शब्द कळत नव्हता त्यांचा आणि तरी सगळं कळत होतं. त्या माणसाचे उपकार आहेत तुझ्या-माझ्यावर. तुला न्यायला गाडी आली तेव्हा त्यांनी माझे बूट आणून माझ्या पायांत घातले. लेस बांधली. ते विसरायचं नाही.

पुढचं तुला सांगत नाही. तू तिथं होतीस किंवा नव्हतीस.

पण त्यानंतर या घरात जे चाललंय ते सांगतो.

सगळं आटोपल्यावर मी ती तबकडी परत द्यायला गेलो. तिला हात लावायला धजलो नाही, म्हणून त्यांनाच येऊन घेऊन जा म्हणालो. वैशाली बरोबर होती. देकूदादा दारात होते, ते एक पाऊल मागं सरले आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. गोड माणूस, पण हात काही पुढं आले नाहीत. वैशालीनं येताना सांगितलं, "अण्णा, ते म्हणाले, त्यांची बायको गेल्यापासून त्यांनी ती लावलीच नव्हती. तिची फार आवडती होती. लावली तर ती परत येईल म्हणून भीती, आणि टाकली तर कायमची जाईल म्हणून भीती. आईचं गाणं ऐकलं तेव्हा वाटलं, इकडं दिलेली बरी."

रात्री आडवा पडलो आणि विचार केला. म्हणजे त्या घरातही अर्धंच राहिलंय. म्हणजे तू एकटी नाहीस. या भिंतीच्या त्या अंगाला एक बाई उंबऱ्यात उभी आहे आणि या अंगाला तू.

मी असलं मानत नाही. तुला ठाऊक आहे. मला फक्त हे सांग, लाडवाच्या डब्यात तुझ्या मुठीतला तो शेवटचा लाडू आहे, तुझ्या बोटांचे चार वळ उमटलेला, तो मी वरच्या प्रेसमध्ये ठेवला. प्रेस म्हणजे इथं कपाट, वैशालीच्या नादानं मीही म्हणायला लागलोय. तर त्या प्रेसचं दार रोज सकाळी उघडं असतं. निखिल म्हणतो बिजागरी सैल आहे. मी बघितली. बिजागरी घट्ट आहे.

आणि वैशाली. गेल्या आठवड्यात ती जिना चढत होती, मी खाली बसलेलो. चढता चढता ती गुणगुणायला लागली. मधली जागा. तुझी. मुकिंदाच्या खाली आणि तात्याच्या वर. आणि ज्या जागी मी सुई उचलली होती ना, बरोबर त्या जागी ती थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"काय झालं गं?"

"काही नाही, अण्णा. श्वास पुरत नाहीये. या दिवसांत होतं असं, नॉर्मल आहे."

"ते गाणं कशाला म्हणत होतीस?"

"कुठलं गाणं?" ती खाली बघून म्हणाली. "मी कुठं गात होते?"

ती खोटं बोलत नव्हती, तुळसा. मी बाप आहे तिचा.

आज सकाळी निखिलची गाडी गेली तेव्हा शेडच्या छपरावर तो काळापांढरा पक्षी बसला होता. एकटा. तुला आठवतं, देकूदादा रस्त्यानं चालता चालता मध्येच सलाम ठोकायचे आणि मी वेड्यासारखा परत सलाम करायचो, मला करतात म्हणून. मग कळलं की ते त्या पक्ष्याला करतात. एकटा दिसला तर सलाम करायचा, नाहीतर दुःख घरी येतं. तू किती खूश झालीस. "बघा! यांच्यातबी हाय!" आज मी खिडकीत उभा राहून त्या पाखराला सलाम केला. मी. ज्यानं तुझ्या बापाच्या गोंधळात झोप काढली.

आता खरं बोलायचं ते बोलतो. तबकडी मी अर्धी का ठेवली? सुरुवातीला हात उचलेना म्हणून. नंतर मला बरं वाटायला लागलं. तू म्हणाली होतीस ना, अर्धं सोडलं की पाहुणा उंबऱ्यात राहतो. मग राहा की. ना आत ना बाहेर, चालेल मला. प्रेसचं दार उघडं दिसलं की मी भ्यायचो आणि मग दार लावताना हळूच लावायचो, जसं काही तुझा हात अडकेल. सकाळ झाली की आधी ते दार बघायला यायचो. चाळीस-बेचाळीस वर्षं तुला कधी सांगितलं नाही की तू नसलीस तर मला घरात करमत नाही. आता शेडला सांगतो.

पण पोरगी तिकडं निजवलीय आणि तिचा श्वास तुझ्या जागेवर येऊन अडतोय. आणि मला तुझी भीती वाटायला लागलीय. कधी वाटली नव्हती. तुला मी ओळखतो. हे बाळंतपण तुझ्या जिवाला लागलं होतं. इतकी वर्षं वाट बघितलीस, इतक्या लांब डिंक वाहून आणलास, आणि हातातोंडाशी आलेलं राहिलं. आपल्याकडं म्हाताऱ्या सांगायच्या, जिचा जीव अडकतो ती ओढते. वाईट म्हणून नाही, मायेनं ओढते. तू मायेनं काय काय ओढू शकतेस मला ठाऊक आहे. मला ओढत आणलंस इथपर्यंत.

तर ऐक, तुळसा. पोरीला हात लावलास तर याद राख. एवढं आयुष्य तुझ्यापुढं आवाज चढवला तो फुकट चढवला, आज खराखुरा चढवतोय.

मी आता उठणार आणि तो टॉवेल काढणार. अर्ध्या ओळीवर नेमकी सुई ठेवायला माझा हात आता धड नाही, तेव्हा तिसरं गाणं पहिल्यापासनं लावतो. तुझी मधली जागा मी धरतो. सूर कुठं आहे मला कळत नाही, पण मी इतके दिवस तुलाच ऐकत होतो, काहीतरी लागेल. टायर घासल्यासारखं वाटलं तर हस. शेवटच्या गाण्यात नवरदेव गप्प झाला आणि मागचेच उरले, की मी जाऊन पुढचं दार उघडतो. वैशाली नाही ओरडायला, अण्णा हीटिंग चालू आहे म्हणून. सताड उघडतो.

जाताना हॉस्पिटलावरनं जा. काचेतनं बघ. पोरीच्या केसांवरनं हात फिरवायचा तर फिरव, लेकराचं तोंड बघ, तुझा हक्क आहे. पण बसू नकोस. "जरा थांबते" म्हणू नकोस, तुझं जरा मला ठाऊक आहे. बघ आणि पुढं हो. आणि कुणाला संगं न्यायचंच असेल तर भिंतीपलीकडं ती देकूदादांची बायको कधीची उभी आहे, तिला घे. तिलाही सोबत होईल. तिला सोडून दुसरं कुणी नाही. दुसरं कुणीही नाही, ऐकलंस?

लाडू मी खाल्ला. आत्ताच, ही ओळ लिहायच्या आधी. बोटांच्या वळांसकट. गोड जास्त झालाय.

फोन वाजलेला नाही. शेडचं दार आपटायचं थांबलंय, वारा पडला असेल.

चल, ऊठ. मी येतो दारापर्यंत.